हिवाळ्यातलं घर: आधी उजेड, मग सजावट

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे अंधाऱ्या थंडीच्या देशात राहतात. मी स्टॉकहोममध्ये असते आणि पहिल्याच डिसेंबरात मी एक चूक केली. तिथूनच सुरू करते.

इथे २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. मी घरूनच काम करायचे. पडदे ओढलेले, डोक्यावर एकच दिवा. सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत अंथरुणात. हळूहळू आईचे फोनही टाळायला लागले. एकदा ती म्हणाली, "अगं, आवाज असा का येतोय तुझा? जेवतेस ना नीट?" मला वाटलं, घर ओकंबोकं आहे म्हणून करमत नाहीये. मग कुशन आणले, चित्रं लावली, गडद निळे पडदे घेतले. फोटोत घर एकदम झकास! मी मात्र तशीच.

का, ते बघूया. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा असतात, ज्या दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवतात. त्यावर झोपेचं घड्याळ चालतं. त्यांना भरपूर उजेड लागतो, तोही सकाळी. तो मिळाला नाही तर काहींना दर हिवाळ्यात नैराश्य येतं. नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं.

मग मी इंजिनिअरसारखं वागले, म्हणजे आधी मोजलं. फोनवर लक्स मोजायचं ॲप टाकलं. आकडा तंतोतंत नसतो, पण तुलना करता येते. दुपारी बारा वाजता कोपऱ्यातल्या टेबलावर ९०, खिडकीजवळ ७००. घर तेच, तीन मीटरचा फरक!

त्यानंतर केलेले बदल सांगते:

एक, टेबल खिडकीपाशी नेलं. निळे पडदे काढून पातळ पांढरे लावले. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा लावला, म्हणजे आलेला उजेड खोलीत परत फिरतो.

दोन, सकाळसाठी १०,००० लक्सचा लाइट बॉक्स. उठल्यावर साधारण अर्धा तास, चहा पीत. त्यावर सांगितलेलं अंतर पाळा. लांब ठेवला तर उजेड झपाट्याने कमी होतो. एकटक बघायचं नाही, नुसता समोर असू द्यायचा. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तीन, संध्याकाळी उलट. वरचा दिवा बंद, खाली दोन-तीन छोटे पिवळसर दिवे, २७०० केल्विनचे. नाहीतर रात्री झोप येत नाही.

इथले लोक हे कधीपासून करतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्या आणि सात दिव्यांचे विजेचे दिवे लागतात, ते साधारण १३ जानेवारीपर्यंत असतात. मी दिवाळीचा आकाशकंदील काढलाच नाही. समोरच्या आजींनी विचारलं, "तुमची चांदणी एवढी लवकर?" त्यावरून आमची ओळख झाली आणि आता रविवारी कॉफी असते. खरं सांगते, लाइट बॉक्सइतकाच त्या कॉफीचाही उपयोग झाला.

एक मात्र लक्षात ठेवा. हे सगळं करूनही दोन आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो सजावटीचा प्रश्न नाही. डॉक्टरांची वेळ घ्या. मीही घेतली होती, आणि ते आईला सांगितलंसुद्धा.

तर आज एवढंच करा: दुपारी बारा वाजता घरातली सर्वात उजेडाची जागा शोधा आणि आपली खुर्ची तिथे न्या. भेटू पुढच्या भागात!