पाकिटावरचा पोषण-तक्ता : हिशेब संगणकाचा, वजन आपले



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरच्या घरी केलेले खाद्यपदार्थ पाकिटात घालून विकणाऱ्या भगिनींची संख्या वाढते आहे. उटनूरच्या भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाचे मोहफुलांचे लाडू आता जिल्ह्याबाहेरही माहीत झाले आहेत. आश्रमशाळांतील मुलींना रक्तक्षयावर उपाय म्हणून ते देण्यात आले. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ कार्यक्रमात आदिलाबादच्या मोहफुलांच्या पदार्थांचा उल्लेख झाला. ‘गिरी पोषण’ या योजनेत इक्रिसॅट संस्था व तेलंगणाचे आदिवासी कल्याण खाते यांनी ज्वारी व कडधान्यांचे पदार्थ अंगणवाडीतील मुलांपर्यंत नेले. आपल्या शेतातील ज्वारी, भुईमूग व तीळ यांना घरीच मोल मिळवून देण्याचा हा चांगला मार्ग आहे.

मात्र पाकीट दुकानात ठेवायचे म्हटले की दुकानदार विचारतो, “मागचा तक्ता कुठे आहे?” उष्मांक किती, प्रथिने किती, साखर किती हे सांगणारा तो चौकोनी तक्ता. प्रत्येक पदार्थ प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेणे लहान गटांना परवडत नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी हा तक्ता संगणकाच्या कार्यक्रमाने, म्हणजे सॉफ्टवेअरने, तयार करतात. आपण पाककृती द्यायची व संगणकाने तक्ता द्यायचा, अशी ही सोय आहे. ती कशी चालते आणि कोठे फसते, हे या लेखात पाहू.

तक्त्यात काय असते?

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे पाकिटावर पुढील गोष्टी द्याव्या लागतात : ऊर्जा (किलोकॅलरीत), प्रथिने, पिष्टमय पदार्थ, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स स्निग्धांश, कोलेस्टेरॉल आणि सोडियम. हे आकडे १०० ग्रॅमला किती ते सांगायचे असते. शिवाय एका वेळच्या खाण्यात दिवसाच्या गरजेचा कितवा भाग मिळतो, हे टक्क्यांत द्यायचे असते. त्यासाठी दिवसाचे माप ठरलेले आहे : ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण स्निग्धांश ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. नुसते धान्य, मीठ किंवा मसाले यांसारख्या काही वस्तूंना तक्त्याची सक्ती नाही. लाडू, चकली, चिवडा हे मात्र अनेक जिन्नसांचे पदार्थ आहेत.

आकडे येतात कोठून?

संगणक लाडू चाखत नाही, मोजतही नाही. त्याच्या पोटात एक मोठे कोष्टक असते. त्यात प्रत्येक जिन्नसाच्या १०० ग्रॅममध्ये काय काय आहे ते लिहिलेले असते. आपण वजन सांगितले की तो गुणाकार व बेरीज करतो.

असे कोष्टक तयार करण्याचे काम आपल्या देशात फार जुने आहे, आणि त्याचे घर आपल्यापासून दूर नाही. १९१८ मध्ये तामिळनाडूतील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एका खोलीत काम सुरू केले. त्यांच्यामागून आलेल्या डॉ. ऐक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे १९५८ मध्ये ही संस्था हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. याच संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके २०१७ मध्ये काढली. भारतीय सॉफ्टवेअरला आकडे पुरवणारा मुख्य आधार हाच.

एक लाडू मोजून पाहू

समजा, एका गटाने असा लाडू केला : ज्वारीचे पीठ ४०० ग्रॅम, शेंगदाणे ३०० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम. एकूण १ किलो. कोष्टकातील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी पूर्णांकाजवळ आणून घेऊ.

ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने १० ग्रॅम, स्निग्धांश १.७ ग्रॅम, पिष्टमय पदार्थ ६८ ग्रॅम. शेंगदाण्यात प्रथिने २४, स्निग्धांश ४०, पिष्टमय १७. गुळात प्रथिने २, स्निग्धांश जवळजवळ नाही, पिष्टमय ८५, आणि ते बहुतेक सगळे साखरच.

आता गुणाकार करू.
ज्वारी ४०० ग्रॅम : प्रथिने ४०, स्निग्धांश ७, पिष्टमय २७२.
शेंगदाणे ३०० ग्रॅम : प्रथिने ७२, स्निग्धांश १२०, पिष्टमय ५१.
गूळ ३०० ग्रॅम : प्रथिने ६, स्निग्धांश ०, पिष्टमय २५५.
बेरीज : प्रथिने ११८ ग्रॅम, स्निग्धांश १२७ ग्रॅम, पिष्टमय ५७८ ग्रॅम.

ऊर्जेचा नियम सोपा आहे. प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरतात. हे माप अमेरिकेतील ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने सव्वाशे वर्षांपूर्वी बसवले, आणि ते आजही चालते. त्याप्रमाणे ४७२, ११४३ व २३१२ मिळून ३९२७ किलोकॅलरी झाल्या.

आता या बेरजेला कशाने भागायचे? बरेच जण १ किलोने भागतात, कारण जिन्नस १ किलो होते. इथेच चूक होते. पीठ व दाणे भाजताना पाणी उडते. तयार मिश्रण तोलले तर ते, समजा, ९५० ग्रॅमच भरले. पाणी गेले, पण प्रथिने, साखर व स्निग्धांश मागेच राहिले. म्हणून भागायचे ९५० ने. तेव्हा १०० ग्रॅम लाडवात ऊर्जा ४१३ किलोकॅलरी, प्रथिने १२.४ ग्रॅम, स्निग्धांश १३.४ ग्रॅम, पिष्टमय ६०.८ ग्रॅम येतात, आणि गुळाची साखर २६.८ ग्रॅम. १ किलोने भागले असते तर ऊर्जा ३९३ आणि साखर २५.५ दिसली असती. भांड्याला लागलेले मिश्रणसुद्धा खरवडून या वजनात धरावे, कारण ते वाया गेले तरी उडालेले पाणी नव्हे.

२५ ग्रॅमचा एक लाडू धरला तर ऊर्जा १०३ किलोकॅलरी, प्रथिने ३ ग्रॅम, गुळाची साखर ६.७ ग्रॅम. ती दिवसाच्या ५० ग्रॅमच्या १३ टक्के झाली. दोन लाडू खाल्ले की पाव भाग संपला. तक्त्याच्या उरलेल्या ओळीही याच रीतीने निघतात.

तळलेल्या पदार्थाचे काय?

तळणात तेल किती मुरले हे पाककृतीत लिहिलेले नसते, आणि संगणकाला ते आपोआप कळत नाही. म्हणून कढईत घातलेले तेल आधी तोलावे, तळण झाल्यावर उरलेले तेल निथळून पुन्हा तोलावे. जेवढे कमी झाले तेवढे पदार्थात गेले असे धरावे. समजा, १ किलो पिठाच्या चकल्यांत २० ग्रॅम मीठ घातले, ३०० ग्रॅम तेल मुरले आणि तयार चकल्या १२५० ग्रॅम भरल्या. १ ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते. म्हणजे १०० ग्रॅम चकलीत तेलाचाच स्निग्धांश २४ ग्रॅम आणि मिठाचे सोडियम ६२४ मिलिग्रॅम झाले. हे सोडियम दिवसाच्या मापाच्या ३१ टक्के आहे. रक्तदाबाचा विकार असलेल्या माणसासाठी तक्त्यातली हीच ओळ सर्वांत मोलाची.

संगणक कोठे फसतो?

पहिली चूक मापाची. वाटी, मूठ, चमचा ही मापे संगणकाला देऊ नयेत. दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत पुष्कळ फरक पडतो. ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा आणि पदार्थ करताना प्रत्येक जिन्नस तोलावा.

दुसरी चूक कच्च्या-शिजलेल्याची. डाळ कच्ची तोलली आणि यादीतून ‘शिजवलेली डाळ’ निवडली, तर प्रथिने निम्म्याहूनही कमी दिसतील. शिजलेल्या डाळीत पाणीच अधिक असते. मोहफुलांचेही तसेच. ताज्या फुलात पाणी बहुत, वाळलेल्या फुलात साखर बहुत. आपण तोलले तेच नाव निवडले आहे ना, हे पाहावे. आपला जिन्नस यादीत नसेल तर दिसायला सारखा दुसरा निवडू नये. त्या एका जिन्नसाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

तिसरी चूक परदेशी सॉफ्टवेअरची. त्यांतील पुष्कळ सॉफ्टवेअर अमेरिकेच्या नियमाने तक्ता काढतात. तेथे दिवसाचा स्निग्धांश ७८ ग्रॅम आणि सोडियम २३०० मिलिग्रॅम धरतात. आपल्या लाडवाच्या १०० ग्रॅममधील स्निग्धांश आपल्या मापाने २० टक्के येतो, त्यांच्या मापाने १७. गुळाऐवजी तेथे तपकिरी साखर निवडली जाते, ते वेगळेच. म्हणून भारतीय कोष्टक व भारतीय नमुना असलेले सॉफ्टवेअर घ्यावे.

चौथी चूक कृती बदलण्याची. गूळ महाग झाला म्हणून साखर घातली, दाणे कमी केले, पण पाकीट जुनेच राहिले, तर तो तक्ता खोटा झाला. दुकानात काट्याखाली बोट लावणे आणि पाकिटावर जुना तक्ता छापणे यांत फरक नाही.

तक्ता काय सांगत नाही?

आपल्या भागातील स्त्रियांत व मुलींत रक्तक्षय पुष्कळ आढळतो, म्हणून काही जण पाकिटावर ‘रक्त वाढवणारा लाडू’ असे छापू पाहतात. तसे करू नये. रोग बरा करण्याचा दावा अन्नाच्या पाकिटावर करता येत नाही. ‘लोहयुक्त’ म्हणायलाही किती लोह हवे याचे नियम आहेत. वरच्या लाडवाचा हिशेब केला तर एका लाडवात लोह सुमारे १ मिलिग्रॅम येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. लाडू चांगला आहे, पण आरोग्यकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या त्याच्या भरवशावर सोडू नयेत. धान्यातील लोह शरीराला थोडेच लागू पडते. जेवणात लिंबू किंवा आवळा असेल तर अधिक लागू पडते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी.

तसेच ‘गूळ म्हणजे साखर नव्हे’ असे मानून मधुमेही लोक गुळाचे पदार्थ मोकळेपणाने खातात. तक्त्यातील साखरेची ओळ त्यांना खरे सांगते, म्हणून ती लपवू नये.

शेंगदाण्यांचे तर अवश्य लिहावे. काही मुलांना शेंगदाण्याचा एक कण खाल्ला तरी श्वास कोंडतो. शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांपैकी आपल्या पदार्थात जे असेल ते जिन्नसांच्या यादीत आलेच पाहिजे. आणि शेंगदाणे, दूध, गहू, सोयाबीन यांसारख्या बाधणाऱ्या जिन्नसांची वेगळी सूचनाही नियमाप्रमाणे द्यावी लागते.

गटांनी करावयाच्या गोष्टी

१. एक वही ठेवावी. तीत तारीख, प्रत्येक जिन्नसाचे वजन व तयार मालाचे वजन लिहावे.
२. एकच पदार्थ तीन वेळा करून तीनही वेळचे तयार वजन पाहावे. त्यात मोठा फरक आला तर आधी कृती पक्की करावी, मग तक्ता काढावा.
३. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींकडून संगणकावर हिशेब करून घ्यावा. विकतचे सॉफ्टवेअर नसेल तर साध्या आकडेमोडीच्या तक्त्यावरही वरची रीत चालते. आलेला एखादा आकडा वहीत हाताने करून ताडून पाहावा.
४. लेबलवरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी व तेलुगू त्याच्या जोडीला देता येते, नुसते चालत नाही.
५. छापण्यापूर्वी तक्ता जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास दाखवावा. नोंदणीचेही तेथेच विचारावे.
६. माल खपू लागला की एकदा तरी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा आणि आपला हिशेब किती जवळ आला ते पाहावे.
७. कृतीतील एक जिन्नस जरी बदलला, तरी नवा हिशेब करून मगच नवे पाकीट छापावे.

पाकीट घेणारी माउली किनवटची असो की हैदराबादची, तिला आपले स्वयंपाकघर दिसत नाही. आपल्या मुलाला काय द्यावे, हे ती त्या चौकोनावरून ठरवते. तेव्हा काटा रोज पुसून ठेवावा, आणि पदार्थ करताना वही जवळ असू द्यावी.