जनरल रजिस्टर संगणकात ठेवताना

शाळा सोडून तीस-चाळीस वर्षे झालेला माजी विद्यार्थी पुन्हा कार्यालयात येतो, तो बहुधा प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी. मुलाच्या किंवा नातवाच्या जात पडताळणीस वडिलांची, आजोबांची शाळेतील नोंद लागते. आपल्या समाजात त्या एका ओळीला विशेष वजन आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जातीच्या रकान्यात कोठे पूर्वीची जात लिहिली गेली, कोठे ‘बौद्ध’, तर कोठे ‘नवबौद्ध’. अनुसूचित जातींच्या यादीत केंद्राने बौद्धांचा समावेश केला तो १९९० साली. त्यामुळे जुनी नोंद जशी आहे तशीच मिळणे हा अनेक कुटुंबांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न असतो.

जुन्या रजिस्टरांची पाने आता पिवळी पडून कडांना तुटू लागली आहेत. म्हणून कार्यालयातील कर्मचारी आणि आम्ही काही माजी विद्यार्थी यांनी त्यातील नोंदी संगणकावर उतरविण्याचे काम हाती घेतले. ते कसे उभे राहिले, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नोंदी ठेवण्यासाठी आम्ही रिलेशनल डेटाबेस निवडला. या पद्धतीचा पाया एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली घातला. माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवायची आणि समान क्रमांकाने ते तक्ते जोडायचे, हे तिचे सूत्र. विद्यार्थ्यांचा एक तक्ता, वसतिगृहातील निवासाचा दुसरा, दिलेल्या दाखल्यांचा तिसरा. तिन्हींना जोडणारा दुवा रजिस्टर क्रमांक. नाव एकदाच लिहिले जाते आणि एकच क्रमांक दोघांना देऊ पाहिल्यास डेटाबेस तो नाकारतो. जातीचा रकाना मात्र आम्ही मूळ अक्षरांनुसारच भरतो. तेथे सुधारणा करण्याचा अधिकार आमचा नाही.

त्यासाठी घेतलेला पोस्टग्रेस-क्यूएल हा सर्व्हर विनामूल्य असून त्याचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९८६ च्या प्रकल्पात आहे. तो संगणकावर थेट बसविता येतो. परंतु तेथील इतर प्रोग्रॅमशी त्याची गुंतागुंत होऊ शकते आणि संगणक बदलला की सारी मांडणी पुन्हा करावी लागते. म्हणून आम्ही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डॉकर या साधनाचा आधार घेतला. डॉकर प्रत्येक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सामग्रीसह वेगळ्या पेटीत चालवितो. ती पेटी म्हणजे कंटेनर आणि ज्या साच्यातून ती तयार होते तो साचा म्हणजे इमेज.

बसविताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, इमेजची आवृत्ती. ‘नवीनतम’ असे न म्हणता आवृत्तीचा क्रमांक द्यावा, कारण एका मुख्य आवृत्तीने लिहिलेल्या फाइली पुढची मुख्य आवृत्ती थेट उघडत नाही. दुसरी, पासवर्ड. तो दिल्यावाचून सर्व्हर सुरू होत नाही, आणि माहितीची जागा रिकामी असताना, म्हणजे पहिल्या वेळीच, तो लागू होतो. तिसरी, पोर्ट. पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट ५४३२. डॉकरमध्ये तो नुसता उघडला तर जाळ्यातील इतर संगणकांनाही खुला होतो. म्हणून तो त्याच संगणकापुरता मर्यादित केला. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्हॉल्यूम, अर्थात कंटेनरच्या बाहेर माहिती साठविण्याचा कप्पा.

या चौथ्या गोष्टीतच आम्ही चुकलो. व्हॉल्यूमला नाव दिले नाही. तेव्हा डॉकरने स्वतःच एक निनावी कप्पा तयार केला आणि पंधरा दिवस नोंदी त्यात सुखाने जमा होत राहिल्या. पुढे एक मांडणी बदलण्यासाठी आम्ही कंटेनर काढून नवा उभा केला. त्याने नवा, रिकामा कप्पा घेतला. जुना कप्पा तोवर संगणकात शाबूत होता. पण जागा मोकळी करण्याच्या आज्ञेने आम्हीच तो पुसला. कागदी रजिस्टर समोर होते म्हणून निभावले. केवळ पंधरा दिवसांचे श्रम गेले.

कंटेनर हा अनित्यच असतो. तो मोडावा आणि पुन्हा उभारावा याचसाठी त्याची रचना आहे. टिकवायचे ते त्याच्या बाहेर ठेवावे लागते. आता व्हॉल्यूमला नाव आहे. शिवाय दररोज सायंकाळी ‘पीजी डम्प’ या साधनाने सर्व तक्त्यांची प्रत काढली जाते आणि तिची एक नक्कल शाळेबाहेर ठेवली जाते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या रिकाम्या कंटेनरमध्ये उतरवून आम्ही नोंदी मोजून पाहतो; उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

मूळ रजिस्टरे अर्थातच कपाटात जपून राहतील. कायद्याच्या दृष्टीने प्रमाण तीच. संगणकातील नोंद त्यांचा शोध सुलभ करील आणि जीर्ण पानांची हाताळणी कमी करील. माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे : शाळेत याल तेव्हा आपली नोंद मूळ पानाशी ताडून पाहा. ती ओळ उद्या आपल्या नातवंडांच्या उपयोगी पडणार आहे.