श्रावणातील येळगंगा

श्रावणी सोमवारी पडेगावावरून दौलताबादच्या दिशेने निघालेली भाविकांची वाट वेरुळास श्रीघृष्णेश्वराच्या चरणी पोहोचते. द्वादश ज्योतिर्लिंगांपैकी या पवित्र स्थानाचा महिमा सर्वविदित आहे. परंतु या क्षेत्राला ज्या गिरिकन्येचे सान्निध्य लाभले, त्या येळगंगेचे स्मरण आपण क्वचितच करतो. आज तिच्याविषयी चार शब्द निवेदन करावेत, असे आम्हांस वाटते.

म्हैसमाळच्या डोंगररांगा श्रावणसरींनी न्हाऊन निघतात. त्याच गिरिजादेवीच्या परिसरातून गिरिजा नदी पूर्वेकडे पूर्णेच्या भेटीस जाते. येळगंगेने मात्र वेरुळची वाट धरली. लाव्हारसाच्या थरांनी घडलेल्या कातळावरून ती २९ क्रमांकाच्या लेण्यापाशी खाली झेपावते. या ठिकाणास ‘सीतेची न्हाणी’ म्हणतात. लेण्यात शिवपार्वतीचा विवाहसोहळा कोरलेला आहे आणि बाहेर अखंड जलधारांचा घोष चालू असतो! उन्हाळ्यात हाच प्रवाह लोपतो, कारण कठीण कातळ पाणी फार काळ साठवून ठेवीत नाही. म्हणूनच पर्जन्यकाळातील तिचे दर्शन दुर्लभ मानावे.

वेरुळहून पुढे येळगंगा शिवनेस मिळते, शिवना गोदामाईस मिळते आणि गोदेचे जल पैठण येथे नाथसागरात विसावते. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. तेथूनच जलवाहिन्यांद्वारे छत्रपती संभाजीनगरास पाणी येते. म्हणजे म्हैसमाळच्या माथ्यावर पडलेला थेंब क्षेत्राला वंदन करून, गोदेत मिसळून, अखेरीस आपल्याच देवघरातील कलशात येऊ शकतो. केवढे हे भाग्य, आणि केवढी ही जबाबदारी!

शिवपुराणातील घुश्मेची कथा घराघरांत सांगितली जाते. ती साध्वी नित्य १०१ पार्थिव लिंगांचे पूजन करून त्यांचे सरोवरात विसर्जन करी. सवतीने पुत्राचा वध करून त्याच सरोवरात टाकला, तरी तिने व्रत मोडले नाही. शंकर प्रसन्न झाले आणि पुत्र पुन्हा प्राप्त झाला. या कथेतील एक गोष्ट आपण ध्यानी घ्यावी. घुश्मेची लिंगे मातीची होती, ती जलात विरून पुन्हा माती झाली. तिच्या पूजेने सरोवरास लवमात्र बाधा पोहोचली नाही.

आज मात्र दर्शनास जाणारे आपण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेले निर्माल्य ओढ्याच्या काठी टाकून परततो. पिशवी विरत नाही. पहिल्या पुराबरोबर ती पुढे शिवनेकडे, गोदेकडे निघते. ज्या जलाने उद्या अभिषेक करावयाचा, तेच आपण आज मलिन करीत असतो.

तेव्हा या श्रावणात बिल्वपत्रे वाहावीत, फुले वाहावीत. निर्माल्य मात्र घरी आणून तुळशीच्या मातीत मिसळावे. घुश्मेच्या व्रताचे हेही एक पालन होय. शिवाच्या मस्तकी गंगा आहे. त्याच्या दाराशी वाहणारी येळगंगा निर्मळ राखणे, ही त्याचीच पूजा नव्हे काय?