फॉरमॅट मारण्याआधी

मुंबई विद्यापीठाने २०१६-१७ मध्ये बीएस्सी संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर आणि लिनक्स हे दोन्ही विषय पहिल्याच वर्षाला आले. विद्यापीठाच्या कलिना संकुलाच्या आजूबाजूला, वाकोल्यात आणि सांताक्रूझ पूर्वेच्या सोसायट्यांत राहणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबंटू दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्याबरोबर एक तक्रारही नेहमीची झाली आहे. रात्री अपडेट मारला, त्यात नवा कर्नल आला, मशीन रीस्टार्ट केलं आणि सकाळपासून काळी स्क्रीन. कुणाला विचारावं तर ठरलेलं उत्तर मिळतं : ‘फॉरमॅट मारून टाक.’

हा लेख त्या उत्तराच्या विरोधात आहे. कर्नल बदलल्यावर मशीन बूट झालं नाही, तरी बहुतेक वेळा डिस्कवरच्या फायलींना धक्काही लागलेला नसतो. प्रोजेक्ट, फोटो, आईवडिलांच्या कागदपत्रांचे स्कॅन, सगळं जागच्या जागी असतं. ते खरोखर जातं ते फॉरमॅटमुळे.

सांताक्रूझ-जुहूच्या या भागाचं लिनक्सशी नातं अभ्यासक्रमापेक्षा जुनं आहे. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. टीआयएफआरमधल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये ती स्वतंत्र झाली आणि पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून तिथे ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प चालला. आज उबंटूत मराठी सहज दिसतं, त्यामागे अशा अनेक प्रयत्नांची पुण्याई आहे.

कर्नल हा कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा यांच्याशी थेट बोलण्याचा अधिकार त्याला असतो, आणि त्याच्या आत शिरलेल्या प्रत्येक तुकड्यालाही तोच अधिकार मिळतो. म्हणून तिथली चूक सगळं मशीन थांबवते. १९ जुलै २०२४ ला मुंबईकरांनी हे विमानतळावर पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फायलीमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बंद पडली. मुंबईसह देशातल्या अनेक विमानतळांवर चेक-इन हाताने करावं लागलं. सदोष फाइल कंपनीने सुमारे सव्वा तासातच मागे घेतली, पण अडकलेली मशीनं त्याने सुटली नाहीत. असंख्य ठिकाणी माणसाला मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल हाताने काढावी लागली.

ती गोष्ट विंडोजची. पण त्याच्या महिनाभर आधी, जून २०२४ मध्ये, रेड हॅटने आपल्या ग्राहकांना सावध केलं होतं की एंटरप्राइझ लिनक्स ९.४ च्या एका नव्या कर्नलवर क्राउडस्ट्राइकच्याच सुरक्षा-प्रणालीमुळे कर्नल पॅनिक होतो आहे. नवा कर्नल आला, त्याच्याशी बाहेरच्या कंपनीच्या तुकड्याचं जमलं नाही आणि मशीन थांबलं. कलिन्यातल्या मुलाच्या लॅपटॉपवर अनेकदा होतं ते हेच, फक्त तिथे सुरक्षा-प्रणालीच्या जागी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर असतो.

लिनक्सकडे अशा वेळी एक मोठा आधार असतो. उबंटू, डेबियन, फेडोरा यांच्यात नवा कर्नल जुन्याच्या जागी बसत नाही, त्याच्या शेजारी बसतो. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालणारा कर्नल आजही डिस्कवर असतो. फेडोरा एरवी तीन कर्नल ठेवते. उबंटू निदान आधीचा एक राखून ठेवते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे जुन्या कर्नलने मशीन चालू करून बघणं. पॉवरचं बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह दिसलं, की नव्या पद्धतीच्या यूईएफआय मशीनवर एस्केपची कळ दाबावी, जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवावी. कर्नलला मेमरीत आणणाऱ्या ग्रब या प्रोग्रामची यादी उघडते. तिच्यात ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ नावाची ओळ असते आणि तिच्या पोटात सगळे कर्नल क्रमांकासह मांडलेले असतात. सर्वांत नव्याच्या आधीच्या क्रमांकाचा निवडून एंटर मारावं. (एस्केप जास्त वेळा दाबली गेली तर यादीऐवजी ग्रबची रिकामी आज्ञा-ओळ येते. काही बिघडलेलं नसतं. मशीन बंद करून पुन्हा चालू करावं.)

जुन्या कर्नलने मशीन उठलं, तर एका फटक्यात खूप काही कळलं. डिस्क ठीक आहे, फायली ठीक आहेत, ग्रब ठीक आहे. दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्यासोबत तयार व्हायला हव्या असलेल्या गोष्टींमध्ये आहे. दुरुस्ती याच चालू मशीनवर बसून शांतपणे करता येते. परीक्षा दोन दिवसांवर असेल तर ती नंतर केली तरी चालते. तोवर जुन्या कर्नलवर काम करायला काहीच हरकत नाही.

मशीन नेमकं कुठे थांबलं हे समजायला बूट होण्याचा क्रम माहीत हवा. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते ग्रबला उठवतं. ग्रब ‘बूट’ नावाच्या फोल्डरमधून दोन फायली मेमरीत आणतो, एक कर्नलची आणि दुसरी इनिटरॅमएफएसची. कर्नल सुरू होतो, मुख्य डिस्क जोडतो आणि सूत्रं सिस्टिमडीच्या हाती देतो. मग सेवा सुरू होतात आणि शेवटी लॉगिनची खिडकी येते.

यातली इनिटरॅमएफएस लोकांना सर्वांत कमी माहीत असते आणि घात बहुधा तिथेच होतो. डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर डिस्कवरच ठेवलेले असतात. कुलूप लावून चावी घरातच राहावी, तशी ही अडचण. म्हणून प्रत्येक कर्नलबरोबर एक छोटी, तात्पुरती फाइल-व्यवस्था गुंडाळून ठेवलेली असते. डिस्कचा ड्रायव्हर, एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारणारा प्रोग्राम, एलव्हीएम उघडणारी साधनं अशा गोष्टी तिच्यात असतात. ग्रब ती थेट मेमरीत टाकतो, कर्नल तिच्या आधाराने खरी डिस्क उघडतो आणि मग ती बाजूला होते. ही फाइल तुमच्या मशीनवर, तुमच्या मशीनपुरती, कर्नल बसवताना तयार केली जाते. ती अर्धवट झाली की कर्नल कितीही निर्दोष असो, त्याला डिस्क सापडत नाही.

मग पडद्यावर येतं, ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग’, आणि पुढे ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’. कंसात दोन शून्यं असली तर कर्नलला मुख्य डिस्क मुळीच ओळखता आलेली नाही असं समजावं. संशय आधी इनिटरॅमएफएसवर घ्यावा.

ती अर्धवट का राहते? एक कारण वीज. पावसाळ्यात उपनगरात लाइट जाणं नवीन नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा तर अनेक वस्त्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. डेस्कटॉपवर अपडेट चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस नसला की लिहिली जाणारी फाइल तिथेच तुटते. पण याहून नेहमीचं कारण म्हणजे ‘बूट’चा विभाग भरणं. डिस्क एन्क्रिप्ट करून किंवा एलव्हीएम घेऊन उबंटू बसवलं असेल तर ‘बूट’साठी वेगळा, लहान विभाग पडतो. जुन्या मशीनवर तो जेमतेम पाचसातशे एमबीचा असतो. ग्राफिक्सचे ड्रायव्हर आत आले की एकेक इनिटरॅमएफएस शंभर एमबीच्या पुढे जाते. तीनचार कर्नल साठले की जागा संपते. ‘डिस्कवर जागा उरली नाही’ ही ओळ अपडेटच्या गर्दीत कुणी वाचत नाही आणि मशीन रीस्टार्ट केलं जातं.

उपाय अवघड नाही. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देतो आहे, टाइप करताना रोमन लिपीच लागेल. जुन्या कर्नलवर येऊन टर्मिनल उघडावं आणि ‘डीएफ’ या आज्ञेने ‘बूट’ किती भरला आहे ते पाहावं. ‘यूनेम’ला ‘आर’ हा पर्याय जोडला की सध्या चालू असलेल्या कर्नलचा क्रमांक कळतो. तो कागदावर लिहून ठेवावा आणि त्याला हात लावू नये. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने नको असलेले कर्नल निघतात. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन ‘बूट’मधल्या फायली हाताने उडवणं मात्र टाळावं. तसं केल्याने पॅकेजांची नोंद आणि डिस्कवरची वस्तुस्थिती यांची फारकत होते आणि पुढचा प्रत्येक अपडेट अडखळतो. जागा मोकळी झाली की नव्या कर्नलचा क्रमांक देऊन ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवावं, मग ‘अपडेट-ग्रब’. फेडोरावर हेच काम ‘ड्रॅकट’ करतं. बहुतेकांचं मशीन इथे सुटतं.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे पॅनिकऐवजी कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहिलेली ओळ आणि लुकलुकणारा कर्सर. याचा अर्थ ती तात्पुरती व्यवस्था चालू झाली, पण खऱ्या डिस्कपर्यंत पोचली नाही. वरच्या दोनतीन ओळी वाचाव्यात. अमुक यूयूआयडीचा विभाग सापडत नाही असं म्हटलं असेल, तर ड्रायव्हर, केबल किंवा डिस्क यांपैकी कशात तरी गोम आहे. हाताने ‘एफएससीके’ चालवा असं म्हटलं असेल, तर फाइल-व्यवस्थेत विसंगती आहे आणि ती बहुधा लाइट गेल्यामुळे आली आहे. त्या ओळीत विभागाचं नाव दिलेलं असतं. तेच नाव देऊन ‘एफएससीके’ चालवावं. हा विभाग वापरात नसतानाच तपासायचा असतो, चालू यंत्रणेवर ही आज्ञा चालवू नये. डिस्क खरखरत असेल किंवा वाचनाच्या चुका एकामागून एक येत असतील, तर काहीही दुरुस्त करण्याआधी फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

आणि निव्वळ काळी स्क्रीन? एनव्हिडियाचं कार्ड असेल तर पहिला प्रश्न त्याच्या ड्रायव्हरबद्दल विचारावा. तो कर्नलच्या बाहेर राहतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस नावाची यंत्रणा तो नव्याने बांधते. त्यासाठी नव्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. त्या आल्या नाहीत, किंवा ड्रायव्हर जुना असल्याने बांधणी फसली, की मशीन आतून पूर्ण चालू असतं आणि पडदा तेवढा काळा राहतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून पाहावं. लॉगिनची साधी ओळ आली तर तिथून हेडर बसवून ड्रायव्हर पुन्हा बांधता येतो. नाही आली, तर ग्रबच्या यादीत कर्नलच्या नावावर असताना ‘ई’ दाबावं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढावेत, शेवटी ‘नोमोडसेट’ लिहावं आणि एफ१० दाबावं. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो. पडदा साधा, मोठ्या अक्षरांचा दिसेल, पण काम करता येईल.

‘क्वाएट’ काढण्याची सवय मला फार मोलाची वाटते. तो शब्द असेपर्यंत मशीन आपली हकीकत लपवून ठेवतं. तो गेला की ओळी सरसर धावतात आणि जिथे थांबतात तिथे दुखणं असतं. शेवटच्या वीसेक ओळींचा मोबाइलवर फोटो काढावा. लिनक्स ६.१२ पासून पॅनिकचा मजकूर क्यूआर कोडच्या रूपात दाखवण्याची सोयही आली आहे. जुन्या कर्नलवर परतल्यावर ‘जर्नलसीटीएल’ने मागच्या बूटची नोंद वाचता येते. फसलेल्या बूटची नोंदच मिळाली नाही, तर तोही पुरावा आहे. मशीन बहुधा खरी डिस्क जोडली जाण्याआधीच थांबलं, म्हणून लिहायला जागा नव्हती.

सिक्युअर बूटच्या तक्रारी वेगळ्या. सही नसलेला कर्नल बूट होतानाच नाकारला जातो आणि संदेशात अनेकदा ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ हे शब्द येतात; सही नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वतःच नाकारतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका अपडेटनेच शेजारी बसवलेल्या अनेक लिनक्सांची वाट अडवली होती. तेव्हा दोन्ही प्रणाली एकाच मशीनवर असतील, तर आदल्या दिवशी विंडोजने काय अपडेट केलं तेही पाहावं.

जुना कर्नलही उठत नसेल, किंवा आर्च वापरत असाल, जिथे नवा कर्नल जुन्याच्या जागीच बसतो, तर पेनड्राइव्ह लागतो. मित्राच्या मशीनवर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवावा, त्यावरून मशीन चालू करावं आणि ‘ट्राय’ निवडावं, ‘इन्स्टॉल’ नव्हे. आपला विभाग जोडला की घरच्या सगळ्या फायली समोर दिसतात. तिथेच थांबून आधी बॅकअप घ्यावा. मग ‘सीएचरूट’ने आपल्या मूळ यंत्रणेत शिरून अर्धवट राहिलेली पॅकेजं, इनिटरॅमएफएस आणि ग्रब पुन्हा उभे करता येतात. आर्चवाल्यांनी दीर्घ मुदतीचा एलटीएस कर्नल शेजारी बसवून ठेवला तर ही वेळ क्वचितच येईल.

यातलं बरंचसं मराठीतून शिकण्याची सोय पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केली आहे. लिनक्सच्या मूलभूत आज्ञांचे त्यांचे धडे मराठी निवेदनासह फुकट मिळतात. टर्मिनलची भीती घालवायला मला तरी याहून चांगली वाट माहीत नाही.

कधीकधी सगळं करूनही नवा कर्नल त्या मशीनवर चालत नाही, कारण दोष खरोखर कर्नलमध्येच असतो. मग ‘एपीटी-मार्क होल्ड’ने कर्नलचे अपडेट थोडे दिवस थांबवावेत आणि वितरणाकडे तक्रार नोंदवावी. मशीनचं मॉडेल, चालणाऱ्या कर्नलचा क्रमांक, न चालणाऱ्याचा क्रमांक आणि तो फोटो, एवढं तक्रारीत असलं तरी दुरुस्त करणाऱ्याचं काम बरंच हलकं होतं, कारण शोध त्या दोन क्रमांकांमधल्या बदलांपुरताच उरतो. दुरुस्त कर्नल आला की होल्ड आठवणीने काढायचा. तो तसाच राहिला तर सुरक्षेचे पुढचे अपडेटही अडून राहतात.