हम कुठून येतो? व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या हीटरविषयीचे गैरसमज

भिलाईत विजेच्या कुठल्याही उपकरणाने कुरकुर केली की पहिला संशय पोलाद कारखान्यावर जातो. जुनवानीत एखाद्याने जुन्या रेडिओतले बीईएलचे व्हॉल्व्ह काढून अ‍ॅम्प्लिफायर बांधला आणि स्पीकरमधून घुं घुं येऊ लागली, तर ‘प्लांटमुळे लाइनच घाण आहे’ हे उत्तर तयारच असते. लाइन बिघडलेली असली की हमला खरखरीत किनार चढते, एवढे खरे. पण मुळातला जाड हम बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच जन्मतो. तोच सेट नागपूरला नेला तरी तो तिथेही घुमेल.

मग कंडेन्सरचा नंबर लागतो. हम आला की फिल्टर कंडेन्सर मोठा करा, हा सल्ला रेडिओ दुरुस्तीइतकाच जुना. चाळीस-पन्नास वर्षांच्या सेटमध्ये कंडेन्सर खरोखरच सुकलेला असतो आणि बदलल्यावर फरक पडतो, म्हणून हा समज टिकून आहे. मात्र फुल-वेव्ह रेक्टिफायरमधून निसटणारा हम १०० हर्ट्झचा असतो, आणि व्हॉल्व्हच्या हीटरमधून येणारा मुख्यतः ५० हर्ट्झचा. दुसऱ्यावर पहिल्याचे औषध चालत नाही. उलट रेक्टिफायर ईझेड८० किंवा ईझेड८१ असेल, तर त्याच्या लगतच्या कंडेन्सरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. तिथे २२० चा डबा बसवला तर हम राहतोच आणि रेक्टिफायर मात्र जातो.

५० हर्ट्झचा प्रत्येक हम हीटरचाच असतो असेही नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला खेटून बसवला किंवा अर्थिंगचा फास पडला, तरी तोच सूर येतो. खरा गुन्हेगार ओळखायला एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. सेट बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, पहिल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे सहसा ईसीसी८३ च्या, हीटरच्या वायरी ट्रान्सफॉर्मरपासून सोडवायच्या आणि त्याला ६ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी जोडायची, तिचे एक टोक चॅसिसला. या व्हॉल्व्हला ०.३ अँपिअर लागतात, छोटी बॅटरीही पुरते. हम गेला तर दोष हीटरचा. तसाच राहिला तर दुसरीकडे शोधा. (६.३ व्होल्ट हा विचित्र आकडाही तीन सेलच्या मोटार-बॅटरीवरूनच आला.)

दोष हीटरचा निघाला की लोक वायरींना पीळ घालतात आणि काम झाले असे समजतात. पीळ हवाच. जाणारा आणि परतणारा प्रवाह शेजारी असले की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात. एकच वायर ओढून परतीचा प्रवाह चॅसिसमधून नेला, तर पीळ घालायला दुसरी वायर उरतच नाही. पण पीळ असूनही एक टोक चॅसिसला जोडलेले असेल, तर दुसऱ्या वायरीवर पूर्ण ६.३ व्होल्ट एसी राहतो आणि तो कपॅसिटन्समार्फत शेजारच्या ग्रिडमध्ये झिरपतो. ईसीसी८३ च्या टप्प्याचा गेन साधारण ६० धरला, तर ग्रिडवरचा एक मिलिव्होल्ट पुढे ६० होतो. म्हणून हीटरच्या दोन्ही टोकांवर विरुद्ध दिशेचा सारखाच व्होल्टेज हवा आणि मध्यबिंदू अर्थला. ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून चॅसिसपर्यंत एकेक सारखा १०० ओहमचा रेझिस्टर लावा. प्रत्येकात जेमतेम ०.१ वॉट जळतो, अर्ध्या वॉटचा पुरे. हीटर कुठेच न जोडता तरंगत ठेवणे सर्वांत शुद्ध, असेही काही जण सांगतात. तसे केले तर त्याचा व्होल्टेज गळतीच्या भरवशावर राहतो.

वायरीचा रस्ताही महत्त्वाचा. आउटपुटचे दोन ईएल८४ व्हॉल्व्ह मिळून दीड अँपिअर ओढतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरपासून आधी आउटपुट व्हॉल्व्ह आणि सर्वांत शेवटी पहिला ईसीसी८३, म्हणजे जड प्रवाह नाजूक ग्रिडजवळून जात नाही. जोडी चॅसिसच्या कोपऱ्याला चिकटवून न्यायची आणि सिग्नलच्या वायरीला छेद द्यावाच लागला तर काटकोनात.

इतके करूनही थोडा हम उरला, तर मध्यबिंदू थेट अर्थला न जोडता एचटीवरून (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्यावरून) रेझिस्टरने विभागलेल्या ३० ते ६० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, आणि तिथे अर्थपर्यंत एक कंडेन्सर. गरम हीटर स्वतःही इलेक्ट्रॉन सोडतो आणि ते कॅथोडकडे जातात; हीटर कॅथोडपेक्षा धन केला की हा प्रवाह थांबतो. माझ्या मते स्वस्तात मिळणारा हा सर्वांत चांगला इलाज आहे, आणि सर्वांत कमी वापरला जाणारा.

त्याऐवजी लोक थेट डीसीकडे धावतात. ३०० बी सारख्या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हाच कॅथोड असल्याने तिथे ते समजू शकते. इतरत्र डीसी म्हणजे बऱ्याचदा नवी डोकेदुखी. रेक्टिफायरमागचा कंडेन्सर झटक्यांनी चार्ज होतो, वाइंडिंगवर नेहमीच्या दीडपटीहून जास्त प्रवाहाचा ताण येतो, आणि ते झटके चुकीच्या अर्थ-बिंदूवर पोहोचले की गोल ५० हर्ट्झऐवजी टोचणारी १०० ची भुणभुण सुरू होते.

जुन्या एसी-डीसी रेडिओंत तर मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसे. सगळे हीटर एका माळेत मेन्सवर जोडलेले. त्यांत आवाजाचा पहिला व्हॉल्व्ह माळेच्या चॅसिसकडच्या टोकाला ठेवत, म्हणजे त्याच्या हीटरवर अर्थच्या मानाने सर्वांत कमी एसी येई. असा सेट उघडणार असाल तर एक लक्षात ठेवा: प्लग उलटा बसला की त्याचा चॅसिस थेट फेजवर असतो. आधी टेस्टर लावा, मग हात.