लाल दिव्याच्या आधी बोलणारा काटा

जुन्या जिप्सीत ऑइल प्रेशरसाठी असतो तो फक्त एक लाल दिवा. प्रेशर जवळपास संपल्यावरच तो पेटतो, म्हणजे बेअरिंगची वाट लागायला सुरुवात झाल्यावर. खड्या चढावर किंवा गाडी एका अंगावर कलली की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं, पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते आणि गेज असेल तर त्याचा काटा डुगडुगतो. दिव्याला हे बऱ्याचदा कळतही नाही.

मेकॅनिकल गेजमध्ये बारीक नळीतून गरम ऑइल थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. नळी तडकली तर पायांवर तापलेलं ऑइल! म्हणून मी इलेक्ट्रिक गेजच सुचवेन.

दिव्याचा मूळ स्विच काढून तिथे टी-जोड बसवायचा. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेन्सर. दिवा काढू नका. खरी गोची आट्यांची. जपानी इंजिनांत बहुधा इंचाला २८ आटे असतात, अमेरिकी जोडात २७. दोन-तीन फेरे सहज जातात, मग अडतं. तिथे पाना लावून जोर केला आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा असला, की आटे गेलेच. एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, त्यामुळे टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये. जड सेन्सर जोडावर लोंबकळत ठेवला तर हादऱ्यांनी जोड मोडतो. लवचीक होजने तो बॉडीवर घ्यावा, वेगळी अर्थिंगची तार द्यावी.

ढोबळ हिशेब असा: इंजिन तापल्यावर दर हजार आरपीएमला १० पीएसआय. थंड इंजिनात काटा बराच वर दिसेल, त्याने हुरळू नये.