रक्त दिल्यावर पुढे काय?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्तदान शिबिर झाले. मीही प्रथमच रक्त दिले. घरी कळताच आई घाबरली. मग म्हणाली, "तुझं रक्त कुणाला देतील रे?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना थॅलॅसेमिया हा शब्द मला कळला.

हा आजार संसर्गाने होत नाही, तो आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक माणूस धडधाकट दिसतो. म्हणून मूल आजारी पडेपर्यंत घरात कोणाला कल्पना नसते. थॅलॅसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

रक्त मिळाले म्हणजे झाले, असे मला वाटे. पण एका पिशवीबरोबर सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. ते हृदयात व यकृतात साचते. म्हणून लोह काढणारे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. वरून काही दिसत नाही, म्हणून रुग्णाला 'सोंग करतो' असेही ऐकावे लागते. हिमोफिलियात रक्त लवकर गोठत नाही. सांध्यांत रक्तस्राव होऊन ते आखडतात.

अशा रुग्णांना उपशामक उपचारांची गरज असते. हा शब्द ऐकला की मरणाच्या दारातला माणूस डोळ्यांपुढे येतो. हा गैरसमज आहे. वेदना कमी करणे, मनाला धीर देणे व कुटुंबाचा भार हलका करणे, हा त्याचा अर्थ. आणि तो मूळ उपचारांच्या जोडीने, निदान झाल्यापासूनच हवा. कन्नड किंवा वैजापूरहून मुलाला घेऊन एस.टी.ने शहरात येणाऱ्या आईची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते. या दुखण्याला औषधाच्या चिठ्ठीत जागा नसते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या तिन्ही आजारांचा समावेश आहे. पण प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा कोणी? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. कागदासमोर आईवडिलांची होणारी घालमेल मी पाहिली आहे. असा अर्ज भरून देणे, बुडालेला धडा मुलाला समजावणे, ही कामे आपण विद्यार्थी सहज करू शकतो. लग्नाआधी रक्ताची तपासणी करून घ्या, हेही गावोगाव सांगू शकतो.

आणखी एक. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, आपली शिबिरेही थांबतात. त्या मुलांच्या आजाराला मात्र सुटी नसते. येत्या सुटीत मी रक्त देणार आहे. आईला आता उत्तरही देता येईल. मित्रहो, तुम्हीही याल ना?